नाळेतलं नाणं

वाळूवर ओढून ठेवलेल्या बोटीला कोणी चपलेचा पाय लावला तरी भिवाचं डोकं फिरायचं. त्या दुपारी तर तिच्या नाळेवर कुऱ्हाड पडत होती, आणि कुऱ्हाड मारणारा त्याचा सख्खा धाकटा भाऊ होता.

नाळ म्हणजे बोटीचं नाक. पुढचं उभं, जाड लाकूड. लाट पहिल्यांदा अंगावर घेतं ते. नाळ फुटली की बोट संपली, मग तिला 'गंगासागर' म्हणा नाहीतर सरपण म्हणा. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठायला चार दिवस उरले होते. जयगडच्या खाडीकाठच्या त्या वाडीत सगळ्यांच्या बोटी रंगवून तयार होत्या, आणि भिवाचं अख्खं घर या एका बोटीवर जगत होतं. म्हातारी धोंडूबाई, भिवाची बायको मालन, धाकटा सर्वेश, त्याची संध्या आणि तिची अंगावर पिणारी पोर.

नाण्याची गोष्ट वाडीत सगळ्यांना ठाऊक होती. बोट बांधायला घेतली की तळाचं लाकूड आणि नाळ जिथे जुळतात, त्या खाचेत घरातलं एक जुनं नाणं लाल फडक्यात गुंडाळून घालायचं आणि वरून लाकूड ठोकून बंद करायचं. भिवाच्या बापाने कंपनी सरकारच्या काळातलं तांब्याचं नाणं घातलं होतं. बाप गेल्यावर भिवा बोटीचा म्होरक्या, तांडेल, झाला आणि दर हंगामाला त्या जागेला तेल-शेंदूर लावू लागला. एकदा वादळात शेजारच्या गावच्या दोन बोटी गेल्या, गंगासागर परत आली. तेव्हा त्याने इंजिनाला नाही, स्वतःच्या सोललेल्या हातांना नाही, त्या खाचेला डोकं टेकलं. असा तो शहाणा.

सर्वेश त्याला हसायचा. पोर्टात ठेकेदाराकडे कामाला होता, हेल्मेट घालायचा, भावाला अडाणी म्हणायचा. मग ठेका संपला, सर्वेश घरी बसला आणि त्याला मिरजोळ्याचा निलेश भेटला. निलेशच्या गळ्यात ओळखपत्र लोंबायचं आणि तोंडात इंग्रजी असायचं. त्याने मोबाइलवर दाखवलं. ताटात तांदूळ, मधे नाणं, आणि दाणे सरकत सरकत नाण्याला जाऊन चिकटतायत. राईसपुलर म्हणतात याला. वीज अंगावर घेतलेलं, खाऱ्या पाण्यात मुरलेलं जुनं तांबं. परदेशातली कंपनी कोटींनी विकत घेते आणि सॅटेलाइटमध्ये बसवते म्हणे. शेंदराला हसणारा माणूस सॅटेलाइटला भुलला.

यात जादू कसली डोंबलाची? दाण्यांना लोखंडाचा कीस फासलेला आणि नाण्याच्या पोटात लोहचुंबक. चौथीतलं पोर सांगेल. पण चौथीतल्या पोराला विचारतो कोण?

भिवा अनवाणी धावत पुळणीवर, काठाच्या वाळूवर आला तेव्हा अर्धी वाडी तिथे उभी होती. उघडीप होती, ऊन चटकत होतं. निलेश छत्री घेऊन उभा. त्याच्या बाजूला चंदेरी रंगाचा, नखशिखांत झाकलेला सूट घातलेला एक माणूस घामाने निथळत होता. त्याला 'शास्त्रज्ञ' म्हणून आणलं होतं. त्याच्या हातातल्या डब्यावर लाल दिवा लुकलुकत होता. आणि सर्वेश, उघडाबंब, नाळेवर घाव घालत होता. ढलप्या उडत होत्या.

"सर्व्या!" भिवा ओरडला. "टाक ती कुऱ्हाड!"

"दादा, मागं हो. मशीन वाजलाय. हितंच हाय."

"तुज्या मशीनच्या आयला! बोट हाय ती!"

"एक बोट घेऊन काय बसलायस? धा घेऊ."

शेजारचा रामा, ज्याची बोट चार हातांवर उभी होती, तो तंबाखू मळत म्हणाला, "भिवाभाव, बगूया तरी. एवढा मोठा साहेब खोटा बोलंल होय?"

भिवाने पहिला ठोसा निलेशला दिला. छत्री उलटी झाली, निलेश ढुंगणावर बसला, नाकातून रक्ताची धार लागली. चंदेरी साहेब डबा टाकून जो पळाला तो थेट रस्त्यावरच्या गाडीत. गाडी सुरू झाली आणि निघूनही गेली. निलेशला न घेता.

"अरे... अरे गाडी!" निलेश बसल्या जागी ओरडला.

भिवा सर्वेशवर गेला. दोघांची गाठ बोटीच्या नाकाखालीच पडली. भिवाने त्याचं मनगट पिरगाळलं, सर्वेशने त्याच्या पोटात गुडघा घातला. दोघेही वाळूत लोळले. भिवाने भावाचे केस धरून त्याचं तोंड लाकडावर आपटलं. एकदा. परत एकदा. दात पडल्याचा आवाज त्याला ऐकू आला, आणि त्या आवाजाने त्याचा हात थांबायच्या ऐवजी आणखी चेवात आला.

"नवी जाळी कुठायत? बोल! पडवीत नायत ती!" हे त्याने सकाळीच बघितलं होतं. त्याचा अर्थ त्याला आत्ता, भावाच्या मानेवर बसून कळत होता.

"इकली," सर्वेश रक्त थुंकत म्हणाला. "टेस्टिंगची फी भरली. इकली मी."

भिवाची पकड सुटली ती एवढ्यापुरतीच. तेवढ्यात सर्वेश खालून निसटला, त्याने कुऱ्हाड उचलली आणि फिरवली. धार नव्हे, मागची बाजू लागली, हे भिवाचं नशीब म्हणायचं असेल तर म्हणा. उजव्या खांद्याचं हाड कडकन मोडलं. हात लाकडाच्या ओंडक्यासारखा लोंबायला लागला आणि तो वाळूत कोसळला.

वाडी बघत होती. मधे कोणी पडलं नाही. दोघांनी मोबाइल वर धरले होते.

मधे पडली ती म्हातारी. मालनच्या खांद्याला धरून, धापा टाकत धोंडूबाई पुळणीवर आली आणि दोन पोरांच्या मधे उभी राहिली. लुगडं सुटत आलेलं, डोईवरचा पदर खाली.

"मार! मला मार आदी!" ती सर्वेशला म्हणाली. "कशासाटी मारतोस भावाला? त्यात नाणं नाय रे मुडद्या. नाणं नाय त्यात!"

"आये, तू बाजूला हो."

"तू जन्मलास तवा जगत नव्हतास. दूध पीत नव्हतास. भगत बोलला, दर्याचं नाणं पोराच्या करगोट्यात बांद. बोट बांदायला घेतलेली. तुज्या बापाने नाणं माज्या हातात दिलं, फडक्यात गुंडाळ म्हणून. मी ते तुज्या कमरेला बांदलं आणि फडक्यात सायकलचा वायसर घातला." ती वाळूत बसली. "पुडं तुला खाडीत आंगोळ घालताना करगोटा तुटला. गेलं नाणं. कुनाला बोलले नाय. तुज्या बापाने मला जित्ती ठेवली नसती."

भिवा तिच्याकडे बघत राहिला. खांद्यात कळ उठत होती, पण ही कळ दुसरी होती. सायकलचा वायसर. वादळात लाट डोक्यावरून जात होती तेव्हा त्याने ज्याला हाका मारल्या तो सायकलचा वायसर. त्याला हसू आलं. हसल्यावर खांदा दुखला, म्हणून त्याने शिवी दिली.

सर्वेशला मात्र हसू आलं नाही. "खोटं," तो म्हणाला. "तू नेमी दादाचीच बाजू घेतेस. मला नाणं मिळूने म्हणून रचतेस." त्याने म्हातारीला एका हाताने बाजूला लोटली आणि शेवटचे तीन घाव घातले.

नाळ उभी फुटली. खाच उघडी पडली. आतून काळं पडलेलं, कुजलेलं फडकं वाळूवर आलं, आणि त्यातून गंजून पापड झालेली एक लोखंडी चकती घरंगळली. मधे भोक. मालनने ती पायाने उलटी केली.

"वायसर हाय," ती म्हणाली. "बगा डोळे फाडून."

एखादा शहाणा असता तर इथे थांबला असता. पण निलेशची गाडी गेली होती, नाक फुटलं होतं, आणि चहूबाजूंनी माणसं होती. नाणं नाही म्हटलं तर हेच लोक आपली चामडी सोलतील, असा त्याने हिशेब केला. तो वाकला, फुटक्या खाचेत हात घातला आणि ओरडला, "सापडलं! हे बघा, आत सरकलं होतं!"

त्याच्या चिमटीत तांब्याचं गोल नाणं होतं. खिशातून त्याने ते कधी काढलं, हे फक्त भिवाला दिसलं होतं, कारण भिवा खाली, त्याच्या खिशाच्या उंचीवर पडला होता.

"खिशातनं काढलंन!" भिवा ओरडला. "मी बगितलं! खिशातनं!"

कोणी मान वळवून बघितलंही नाही. नाणं दिसल्यावर माणसाला दुसरं काही दिसत नाही. निलेशने खिशातले चार तांदूळ तळहातावर टाकले आणि नाणं जवळ नेलं. दाणे टुणकन उडाले. पुळणीवरच्या बायकांनी हात जोडले.

"आता हे मला लॅबला न्यायला हवं," निलेश म्हणाला आणि रस्त्याकडे पावलं टाकू लागला. "संध्याकाळी रिपोर्ट देतो."

"नाणं घेऊन?" रामाने त्याच्या आडवा हात घातला. "नाणं वाडीचं हाय."

"माझं हाय!" सर्वेश धावला.

"माज्या खाडीतलं पाणी प्यालंय ते," रामा म्हणाला. "वाडीचं हाय. हा घेऊन पळतोय, दिसत नाय काय तुमाला?"

मग जे झालं ते कोणी ठरवून केलं नाही. पहिली लाथ कोणाची, ते नंतर कोणाला सांगता आलं नाही. निलेश पडला आणि माणसं त्याच्यावर पडली. वल्ह्याचा दांडा पडला, चपला पडल्या, जाळ्याला लावायचं शिसं पडलं. सुकी मासळी विकून आलेल्या एका बाईने पाटीने त्याच्या डोक्यात हाणलं. त्याची बोटं मुठीत घट्ट मिटलेली होती. ती रामाने एक एक करून मागे मोडली, शेंगा मोडाव्यात तशी.

"खोटं हाय ते!" निलेश किंचाळला. "आईशप्पत खोटं हाय! लोहचुंबक हाय आत! मी घरी बनवलं! फोडून बगा!"

आयुष्यात पहिल्यांदा तो खरं बोलत होता. त्यासाठी त्याला सगळ्यात जास्त मार पडला.

"चोर साला! आता आपलं करायला खोटं म्हणतो!" कोणीतरी त्याच्या तोंडावर टाच दिली आणि त्याचा एक डोळा बंद झाला. नंतर तो डोळा कधी उघडला नाही.

"सोडा त्याला! तो खरं बोलतोय!" भिवा डाव्या हातावर सरपटत पुढे झाला. ज्याला त्याने पहिला ठोसा मारला होता, त्यालाच वाचवायला तो ओरडत होता. एका लाथेने तो परत आडवा झाला. मालन बाजूला उभी राहून फोनवर रुग्णवाहिका मागत होती आणि पलीकडचा माणूस तिला पत्ता पुन्हा पुन्हा विचारत होता.

निलेशच्या मोडलेल्या मुठीतून नाणं सुटलं. झडप घातली सर्वेशने. सगळी गर्दी त्याच्याकडे वळली, निलेशकडे वळली होती तशीच, तेच दांडे आणि तीच माणसं घेऊन. सर्वेशने एकदा चहूकडे बघितलं आणि नाणं तोंडात टाकलं.

"ओक!" रामाने त्याच्या पाठीत दांडा घातला. "ओक भडव्या!"

ओकायच्या ऐवजी ते आत गेलं आणि घशात अडकलं. सर्वेशने दोन्ही हातांनी गळा धरला. तोंड उघडं, आवाज नाही. चेहरा लाल, मग जांभळा. गुडघे वाळूत टेकले. गर्दी दोन पावलं मागे सरली. मारताना पुढे असणारी माणसं मरताना मागे असतात.

"दादा..." असं काहीतरी त्याच्या ओठांवर झालं. आवाज आला नाही.

भिवाने त्याला डाव्या हाताने पालथा पाडला, स्वतःच्या मांडीवर ओढला आणि खांद्याच्या मोडलेल्या हाडाची पर्वा न करता पाठीत बुक्क्या घातल्या. काही झालं नाही. मग त्याने भावाच्या तोंडात हात घातला. सर्वेशचे उरलेसुरले दात त्याच्या बोटांत रुतले. भिवाने हात काढला नाही. आत, खोल, त्याला गुळगुळीत कड लागली. नखाने ओढली, निसटली, परत ओढली. कातडं सोलून निघालं. रक्त कोणाचं होतं ते कळायला मार्ग नव्हता.

नाणं बाहेर आलं ते रक्ताच्या गुठळीबरोबर. ते वाळूत पडलेल्या एका फळीवर आपटलं आणि चिकटवलेली दोन तांब्याची पानं सुटी झाली. मधला काळा चुंबक उडाला आणि फळीतून वर आलेल्या खिळ्याला टक्‌ करून चिकटला.

सगळ्यांनी बघितलं. म्हातारी सर्वेशच्या तोंडावर पाणी मारत होती. त्याने श्वास ओढला, शिटीसारखा, मग दुसरा. डोळे उघडले. भिवाचा चावलेला हात अजून त्याच्या गालावर होता.

"दादा," सर्वेश घोगऱ्या आवाजात म्हणाला. त्याची नजर खिळ्यावर होती. "बग... लोखंडपण ओढतो. खरा हाय तो."

भिवाने त्याच्या कानाखाली आवाज काढला. ज्याला आत्ता जगवला, त्यालाच. परत मारणार होता, पण मालनने हात धरला.

मागे कुजबुज सुरू झाली होती. लोखंडपण ओढतो. भिवाने मान वळवली. माणसं निलेशकडे बघत नव्हती, जो वाळूत आडवा पडून घरघर करत होता. फुटलेल्या गंगासागरकडेही बघत नव्हती. जो तो आपापल्या बोटीकडे बघत होता, नेमका तळाशी, जिथे नाळ जुळते तिथे.

भिवा उठला. कुऱ्हाड डाव्या हातात घेतली. लोक घाबरून बाजूला झाले. तो पाण्यापर्यंत गेला आणि अंगात उरलेला सगळा जोर लावून त्याने ती खाडीत भिरकावली. भरती होती, कुऱ्हाड लगेच बुडाली.

तो परत वळला तेव्हा रामा आपल्या बोटीच्या नाळेवरून हात फिरवत उभा होता.

"आसूंदे," रामा बाजूच्याला म्हणाला. "माज्या घरी दुसरी हाय."