हातभर अंतराचा गहू

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनो, तुम्हीही पुढं या, ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. दोन सख्ख्या भावांची गोष्ट आहे.

थोरला शेतकरी. त्याला सगळे मूठवाला म्हणायचे. गहू मुठीनं फेकून पेरायचा, आणि असा पेरायचा की उगवल्यावर वाटावं, कुणी हिरवी चादरच अंथरलीय. बापानं हाती दिलेली विद्या ती. धाकटा शिकला, शहरात गेला, रेडिओ केंद्रावर लागला. रोज संध्याकाळी त्याचा आवाज घराघरांत यायचा, "शेतकरी बंधूंनो, नमस्कार!" बियाणं कसं निवडावं, पाणी कधी द्यावं, सगळं समजावून सांगायचा. लोक हातातलं काम टाकून ऐकायचे. दुकानात जाऊन म्हणायचे, "रेडिओभाऊनं सांगितलंय ना, तेच बी द्या."

ऐकत नव्हता तो एकटा मूठवाला. धाकटा शेत सोडून निघाला त्या दिवशी थोरला म्हणाला होता, "नांगर टाकून पळालेल्यानं मला शेती शिकवू नये." धाकटाही तोऱ्यात बोलला, "नको ऐकूस. बाकीचे ऐकतील." झालं! शब्दानं शब्द वाढला आणि बोलणं तुटलं ते तुटलंच. देवा, केवढ्याशा ठिणगीवर आम्ही केवढं घर जाळतो रे!

पण धाकट्याच्या पोटातलं सांगू? सगळा मुलूख ऐकत होता, त्याचं त्याला फारसं काही नव्हतं. माइकसमोर "बंधूंनो" म्हणताना त्याच्या डोळ्यांपुढं एकच बंधू असायचा. त्यानं एकदा, निदान एकदा तरी आपलं ऐकावं.

त्या वर्षी नवी पद्धत आली. गहू फेकू नका, ओळीत पेरा, बी कमी लागतं, कणीस भरतं. शेती कचेरीतून कागद आला. रेडिओची ती खोली तुम्ही पाहिली नसेल. भिंतींना जाड कापड, दारावर लाल दिवा. दिवा लागला की शिंकसुद्धा गिळायची. कागदावर एकाखाली एक पिकं आणि पुढं ओळींमधलं अंतर. गव्हाला वीतभर. त्याच्या खाली मका, त्याला हातभर. वाचताना धाकट्याची नजर एक ओळ घसरली आणि तो बोलून गेला, "गव्हाच्या दोन ओळींत हातभर अंतर ठेवा."

दुसऱ्या संध्याकाळी त्यानं माफी मागून चूक दुरुस्त केली. कुणाचं काही बिघडलं नव्हतं. नव्या गोष्टीत आधी शेजाऱ्याला उतरू द्यायचं, मग आपण, एवढी हुशारी लोकांत असतेच. केंद्रावरचे साहेब हसून म्हणाले, "हातभर ठेवलं असतं तर पिकातून बैलगाडी गेली असती की!" सगळे हसले. तोही हसला.

गहू पिवळा पडायच्या आत निरोप आला. थोरला गेला. खुरपायला वाकला तो उठलाच नाही.

धाकटा धावत आला. घरातली गर्दी पांगल्यावर शेताकडं गेला आणि बांधावरच खिळला. शेतात ओळी होत्या. दोरी धरून मारलेल्या, सरळ, सुबक. पण विरळ. मधल्या पट्ट्यांतलं गवत अर्ध्या शेतात उपटलेलं, अर्ध्यात गुडघाभर माजलेलं. तो खाली बसला. कोपरापासून बोटांपर्यंतचा हात दोन ओळींमध्ये आडवा ठेवला. नेमका मावला.

मागून वहिनी आली.

"वहिनी, हे कुणी पेरलं?"

"कोण पेरणार? ह्यांनीच. भावोजी, रोज ऐकायचे तुम्हाला. गोठ्यात वैरणीखाली रेडिओ दडवलेला. मी गेले की म्हणायचे, गायीला गाणी ऐकवतोय, दूध वाढतं." वहिनी हसायला गेली आणि हुंदकाच फुटला. "त्या दिवशी तुमचं ऐकलं आणि उजाडताच निघाले. मी म्हटलं, अहो, एवढं अंतर? तर म्हणे, मूठ माझी, पण अक्कल त्याची."

"पण मी चूक सांगितली होती, वहिनी! दुसऱ्याच दिवशी!"

"तीही ऐकली. बी शिल्लक होतं घरात. मोडा, परत पेरा म्हणून मी हात जोडले. तर म्हणाले, मोडलं की गाव विचारणार, का मोडलं? धाकट्याचं पहिल्यांदा ऐकलं आणि फसलो, हे माझ्या तोंडून जायचं नाही. राहू दे. हसतील ते मला हसतील."

आणि लोक हसलेच. शेजारी बांधावरून ओरडायचा, "मूठवाल्या, मधल्या जागेत काय ठेवणार रे?" हा म्हणायचा, "तुझं तोंड! दुसरीकडं कुठं मावत नाही ना." सगळ्यांना एकच सांगितलं, म्हातारपणी लहर आली. गवत माजलं तरी मजूर लावला नाही. मजूर चार घरी जातात, चार घरी बोलतात. एकटाच उन्हात खुरपत राहिला.

"मला एक निरोप तरी धाडायचा होता," धाकटा म्हणाला.

वहिनीनं डोळे पुसले. "तुम्ही तरी कुठं धाडलात, भावोजी?"



धाकटा पुन्हा कामावर गेला त्या संध्याकाळी लाल दिवा लागला. "शेतकरी..." एवढं म्हणाला, आणि पुढचा शब्द काही केल्या येईना. घराघरांत लोकांना वाटलं, रेडिओच बिघडला. कुणी खुंटी पिळली, कुणी वर थाप मारली. बऱ्याच वेळानं तो शब्द आला, फाटलेला. मग कागदावर प्रत्येक ओळीखाली बोट धरून तो सावकाश वाचत राहिला.

आता उठाल, घरी जाल. जाता जाता माझं एवढं मागणं ऐका. कुठं ओळीत पेरलेला गहू दिसला, तर क्षणभर थांबा आणि त्या मूठवाल्याची आठवण काढा. गोठ्यात, वैरणीपाशी वाकून, भावाचा आवाज ऐकत बसलेल्या त्याची.