घेऊ ना

‘‘घेऊ ना, धनसिंगभाऊ. तुमाले काय नाही म्हनू?’’ शेजारच्या कुंदाबाई आमच्या ह्यांना म्हणाल्या, आणि पियुषने खूश होऊन मोबाइलवर काहीतरी टिपलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे मान खाली घालून चहा पीत होते.

पियुष पुण्याच्या कंपनीचा. टीव्हीला जोडायचा नवा डबा कंपनीने काढलाय. त्यात सिनेमे दिसतात आणि गेमही खेळता येतात. तो आपल्याकडे खपेल का, हे बघायला त्याला खानदेशात पाठवलेलं. खपेल असं दिसलं, तर भुसावळची एजन्सी आमच्या ह्यांना मिळणार होती. एके काळी अर्ध्या गावाला केबल ह्यांचीच होती. मग घरोघरी मोबाइल आले, केबल गेली, आणि हे ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम घालायला लागले. कामाचा माणूस असा बसून राहिला की बघवत नाही हो.

दुपारभर आमच्या घरात नुसती जत्रा. चहा करून करून माझा जीव मेटाकुटीला आला. रेल्वेतून रिटायर झालेल्या रुपचंदनानांनी गेममधली गाडी थेट नदीत घातली आणि पोट धरून हसले. जाताना तेही ‘घेऊ ना’ म्हणाले. सगळे तेच म्हणाले. आमच्याकडे तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. ज्याला घ्यायचं असतं तो आधी किंमत विचारतो, मग कमी करा म्हणून डोकं खातो. ‘घेऊ ना’ म्हणणारा परत त्या वस्तूकडे ढुंकूनही बघत नाही. डब्याची किंमत एकानेही विचारली नव्हती. पण पुण्याच्या पोराला हे कुठून कळणार.

संध्याकाळी सगळे पांगल्यावर तो म्हणाला, काका, एजन्सी तुमचीच समजा. मी स्वयंपाकघराच्या दारातून ह्यांना खुणावलं, गप्प राहा. चार दिवस तरी माणूस इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडला असता. मला तेवढंही पुरे होतं.

ह्यांनी माझी खूण पाहिली. तरी पियुषला जवळ बसवून ‘घेऊ ना’चा अर्थ सांगितला. खेळणारी पोरं पुण्या-सुरतेला गेली, मागे आम्हीच उरलोत, हेही सांगितलं.

पोराचं तोंड उतरलं. ‘‘म्हणजे धुळ्यातही सगळे ‘घेऊ ना’ म्हणाले, ते...’’ दिवसभर लोकांना डबा दाखवून तोही दमलेला होता, मला त्याची दया आली. मग त्याने विचारलं, ‘‘काका, तुम्ही स्वतः तरी घ्याल?’’

‘‘नाही,’’ हे म्हणाले.

लग्न होऊन आले तेव्हापासून कोणाच्या तोंडावर असं सरळ नाही म्हणताना मी ह्यांना ऐकलं नव्हतं. पियुष पिशवी उघडून बसला. हे गुडघ्यावर हात टेकत उठले, आणि टीव्हीमागे वाकून डब्याची एकेक वायर अलगद सोडवायला लागले.