दुसऱ्या बाजूची एकोणीस मिनिटं

...आणि तो गोल कागद. रेकॉर्डच्या बरोबर मधोमध चिकटवलेला, मळकट पांढरा, भोकाभोवती बारीक काळ्या अक्षरांची रांग फिरत गेलेली – ती वाचायची तर आख्खी रेकॉर्ड हातात धरून वळवावी लागते, आणि भगवंतनं ती सकाळपासून सहा वेळा तरी वळवली होती. बेस – राजसी. ड्रम्स – जितेश. गिटार आणि ध्वनिमुद्रण – भूपेश. आणि रांग संपता संपता, पुढे आणखी एक अक्षर मावलं नसतं अशा जागी : बेंजो – भगवंत. घरात रेकॉर्ड वाजवायचं यंत्र नाही, सगळ्या कुळगावात कुणाकडे असेल असंही वाटत नाही. बायकोनं, विठानं, विचारलंच होतं, की जी वाजवता येत नाही ती तबकडी काय देव्हाऱ्यात ठेवायची? आणि खरं तर तो विचार त्याच्या मनात येऊन गेला होता.

शुक्रवार होता, म्हणजे अंबरनाथच्या कारखान्याला सुट्टी. चार वाजता पुण्याहून नेत्रा नावाच्या बाईंचा फोन येणार होता. त्या संगीतावर लिहितात, राजसी म्हणाली होती, आणि त्यांनी लिहिलेलं लोक वाचतात हेही तिनं मुद्दाम सांगितलं होतं. लेकीला बापाची काळजी, बाप काहीतरी बोलून बसेल म्हणून. बाईंनी प्रश्न आधीच पाठवला होता, आणि एकच पाठवला होता. दुसऱ्या बाजूला तेराव्या मिनिटाला तुम्ही थांबायला आला होतात असं वाटतं, आणि मग थांबला नाहीत – ते आधी ठरलं होतं, की तिथेच सुचलं?

ठरलं होतं म्हणावं तर खोटं. सुचलं म्हणावं तर तेही... खरं काय ते भगवंतला ठाऊक होतं. आठ महिने तो ते डबा खाताना कारखान्यात हसत हसत सांगत आला होता, की सुचलं-बिचलं काही नाही हो, तो भूपेश काचेपलीकडून मूठ दाखवायला विसरला आणि मी आपला वाजवतच राहिलो. यावर लोक हसायचे. निम्मे आगरी, हळदीत नाचून मोठे झालेले, त्यांना मूठ म्हणजे काय ते सांगावं लागत नसे. पुण्याच्या बाईंना मात्र सांगावं लागणार होतं, आणि ते कुठून सुरू करावं याची जुळवाजुळव तो सकाळपासून करत होता.

एकतीस वर्षं तो नाथादादाच्या बेंजो पार्टीत होता. (बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य, बाई... नाही, हे त्यांना माहीत असेल.) पार्टी वाजवत असली की नाथादादा सगळ्यांच्या पुढे उभा, तोंड घरधन्याकडे, पाठ वादकांकडे, वादकांनी बघायचा तो फक्त त्याचा डावा हात. पंजा उघडा असला की चालू दे. पंजा हलला की पुढचं गाणं, पण मध्ये खंड पडता कामा नये, एका गाण्याची शेपटी दुसऱ्याच्या तोंडात द्यायची, कारण नाचणारे एकदा खाली बसले की पुन्हा उठत नाहीत. आणि मूठ वळली की बास. मूठ दिसली की बेंजोवाल्यानं उतरण घ्यायची – वरून खाली घसरत येणारे सात सूर, तीन वेळा – आणि तिसऱ्या उतरणीच्या शेवटच्या सुरावर ढोलकी, ड्रम, खुळखुळे, सगळं एका जागी थांबायचं. मूठ नाही तर उतरण नाही. एकतीस वर्षांत भगवंतनं मुठीनंतर एक ठोका जास्त वाजवला नव्हता. पार्टीच्या बॅनरवर नाथादादाचा फोटो असे, त्याच्या मुलाचा असे, वाजवणाऱ्यांची नावंसुद्धा नसत. पण नाथादादा चारचौघांत म्हणायचा, ‘भगवंता हाताचा पक्का हाय,’ आणि तेवढं त्याला पुरत आलं होतं. कारखान्यात लेथवरही त्याचं तेच. ड्रॉइंगमध्ये जे माप ते माप, एक सूत इकडे नाही की तिकडे नाही. नाथादादा गेला, पार्टी मोडली, सगळीकडे डीजे आले. त्याचा बेंजो माळ्यावर गेला आणि ते वाक्य तेवढं खाली राहिलं.

राजसीच्या बँडचं नाव चिखलोली. बदलापूर आणि अंबरनाथच्या मध्ये जिथे स्टेशन होणार होणार असं ऐकत ही मुलं मोठी झाली, त्या गावाचं नाव त्यांनी स्वतःला घेतलं. अल्बमचं नाव ‘ओलं मीठ’, कारण भगवंतचे आजोबा खाडीकाठच्या मिठागरावर होते. हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे. त्यानं तर नव्हतं सांगितलं, लहानपणी त्याला मिठागराची लाज वाटायची. आणि संगीत कसलं, तर सायकेडेलिक रॉक. तो शब्द तिनं त्याच्याकडून तीनदा म्हणून घेतला होता.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा यंत्र बिघडलंय असंच वाटलं. गिटारचा सूर निघाल्यावर जातच नव्हता. लांब जाऊन, पाण्यात भिजून आल्यासारखा परत यायचा, आणि तोवर दुसरा निघालेला असायचा. एक सूर तर चक्क उलटा – आधी त्याची विरत गेलेली शेपटी आणि मग एकदम तोंड. बेस दोनच सुरांवर ठाण मांडून बसलेला. ड्रम जागचा हलत नाही, नुसतं त्याच्यावर एकेक साचत जातं, साचत जातं... आणि पाचव्या-सहाव्या मिनिटाला भगवंतची बोटं मांडीवर हलायला लागली होती, कारण हे त्याच्या ओळखीचं होतं. हळद रंगात आली, की कुठलं गाणं चाललंय हे कुणालाच कळेनासं होतं, पाय आपले आपण पडत राहतात, नवरदेवाची आत्या आणि तिची सून यांचं भांडण होतं हे दोघीही विसरतात. तिथवर पोचायला पार्टीला तीन तास लागायचे. ही मुलं पहिल्याच मिनिटाला तिथे जाऊन बसली होती. आणि तिथवर पोचलं रे पोचलं, की कुणाचा तरी मामा पुढे येणार, त्याला दुसरंच गाणं हवं असणार, आणि नाथादादाची मूठ... खरं सांगायचं तर त्याला मुलांचा हेवा वाटला होता. म्हणूनच राजसीनं ‘पप्पा, माळ्यावरचा बेंजो काढा’ म्हटलं तेव्हा त्यानं दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा म्हणायला जमलं नाही.

‘अवो, तांदूल दलून आणताव ना? भाकरीला पीठ नाय,’ विठा आतून म्हणाली. त्यानं रेकॉर्ड पाकिटात घातली, पिशवी उचलली, आणि एका कानात इअरफोन घालून तो गिरणीवर गेला. फोनवर अल्बम होताच. दुसरी बाजू त्यानं आजवर पूर्ण अशी दोनदाच ऐकली होती, तीही चार लोकांत, आपलं नाव कुणी घेतंय का याकडे कान लावून.

गिरणीत त्याच्यापुढे तीन पिशव्या होत्या. तो बाकावर बसला. एका कानात गिरणीचा घरघराट, दुसऱ्यात राजसीचा बेस, आणि दोन्हींची पट्टी इतकी जवळ, की पट्टा फिरतोय तो कुठल्या कानात हे कळेना. त्याला ध्वनिमुद्रणाची ती खोली आठवली. उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये, जितेशच्या वडिलांच्या जीन्सच्या कारखान्यावरची. भिंतींना कातरणं भरलेल्या गाद्या ठोकलेल्या, त्यामुळे शब्द तोंडापुढेच पडायचा. वाजवायला बसण्याआधी त्यानंच सगळ्यांना शिकवलं होतं : बारा मिनिटं झाली की भूपेश काचेपलीकडून मूठ दाखवील, मी तीन उतरणी घेईन, तिसरीला सगळे थांबा. चुकायचं नाही. जितेशनं ‘येस अंकल’ म्हणून कपाळाला हात लावला होता. मुलांनी त्याची तालीमसुद्धा केली, दोनदा, आणि दोन्ही वेळा ती सगळी एका सुरावर थांबली, तेव्हा त्याला वाटलं होतं, आहे, अजून आहे आपल्यात.

सात मिनिटं. नऊ. बेंजो आता गिटारच्या भिजलेल्या सुरांत शिरत होता, आपलाच बेंजो, पण भूपेशनं त्याला असा काही लांब नेऊन ठेवला होता, की कुणीतरी खाडीपलीकडून वाजवतंय आणि वाऱ्याबरोबर येतंय. काय वाजवलंय! बाकावर बसल्या बसल्या त्याच्या अंगावर काटा आला, आणि आपल्याच वाजवण्यावर काटा येतो याची त्याला जरा लाज वाटली, आणि मग वाटली नाही. अकरा. बारा. आणि तेराव्या मिनिटाला...

त्यानं बोटानं मागे नेलं. पुन्हा ऐकलं.

सात सूर, वरून खाली. एक उतरण. सात सूर. दुसरी उतरण. जितेशचा ड्रम जड झाला, थांबायच्या तयारीला लागला, बेस खाली वाकला – आणि तिसऱ्यांदा तीन सूर उतरून बेंजो वळला, आणि वर निघाला. वर, आणखी वर, हळदीत कधीच वाजली नव्हती अशा बटणांवर.

गिरणीवाल्यानं त्याचा नंबर पुकारला. तो उठला, पिशवी दिली, परत बसला. मूठ नाही तर उतरण नाही. मी उतरण घेतली. दोन घेतल्या. मूठ दिसल्याखेरीज माझी बोटं तिकडे वळतच नाहीत, झोपेतसुद्धा वळायची नाहीत... म्हणजे मला मूठ दिसली होती. भूपेश विसरला नव्हता. काचेपलीकडे तो उभा होता, निळा शर्ट, गळ्यात गिटार, एक हात खांद्याच्या वर, आणि मी बघितलं, आणि एकतीस वर्षांच्या सवयीनं उतरायला लागलो, आणि दुसरी उतरण संपताना मान वर केली तर समोर राजसी होती. ती माझ्याकडे बघत होती. हसत नव्हती, खुणावत नव्हती, नुसती डोळे मोठे करून बघत होती, लहानपणी गोष्ट सांगताना मला मध्येच खोकला आला की बघायची तशी. आणि माझ्या मनात आलं – आता त्याला ते स्वच्छ आठवलं, शब्दांसकट – मनात आलं, की पुढे काय आहे ते आज बघायचंच.

पीठ गरम होतं. पिशवी छातीशी धरून तो घरी आला आणि वाटेत त्याला कोण भेटलं, कुणाला त्यानं ‘काय म्हणतोस’ म्हटलं, काही कळलं नाही.

राजसीनं आज ऑफिसला दांडी मारली होती, फोनच्या वेळी बापाच्या शेजारी बसायला. भात संपेपर्यंत तो थांबला, मग ताटाकडे बघतच त्यानं विचारलं, ‘भूपेशनी मूठ दाखवलेली काय तेव्हा?’

‘दाखवलेली ना. दोनदा.’

‘मंग इतके दिवस बोलला कसा नाय?’

ती पाणी प्यायली. ‘तुम्ही सगळ्यांना सांगायला लागलात ना, तो विसरला म्हणून. मग तो बोलला, काकांना तसं सांगून बरं वाटतंय तर सांगू दे. आजपण तेच सांगा पप्पा, चालेल. त्याला काय प्रॉब्लेम नाहीये.’

चालेल. भूपेशला चालेल, लेकीला चालेल, आणि सगळ्यांत सोयीचं ते त्यालाच. आठ महिने त्यानं एका भल्या मुलाच्या माथी चूक मारली होती, आणि ती कशासाठी, तर नाथादादाचं एक वाक्य जपायला. त्या वाक्याला तडा जाऊ नये म्हणून आपल्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली सहा मिनिटं आपण दुसऱ्याच्या विसरण्यावर खपवली. हात धुताना त्याला स्वतःचा राग आला, चांगलाच आला. भूपेशला फोन करायला हवा. पण राग आला तरी त्याच्या तळाशी दुसरं काहीतरी वर येत होतं, आणि ते त्याला दाबता येईना.

चारला दहा मिनिटं कमी असताना तो पलंगावर येऊन बसला. फोन पुढ्यात, राजसी समोरच्या खुर्चीत. दोन्ही गोष्टी एका तोंडानं सांगता येणार नव्हत्या. हाताचा पक्का भगवंत, आणि ती एकोणीस मिनिटं... एक काहीतरी खाली ठेवायला लागणार होतं. खरं सांगितलं तर ते छापून येईल, कारखान्यात वाचतील, म्हणतील, मग इतके दिवस काय थापा मारत होतास? म्हणू देत. जुन्या पार्टीतले म्हणतील, नाथादादा असता तर त्यानं तिथल्या तिथे उठवला असता. असता. नक्कीच उठवला असता, आणि त्याचं बरोबरच होतं, हळदीला ते बरोबरच होतं. पण मला दिसली होती मूठ. दिसली, आणि मी थांबलो नाही. भगवंतनं ते ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून बघितलं; चोरी पकडल्यासारखं वाटेल असं त्याला वाटलं होतं, पण नाही, छाती अशी भरून आली, की बसल्या जागी त्याला पाठ ताठ करावी लागली. राजसी जन्मली तेव्हा असं झालं होतं. त्यानंतर नाही.

विठा दारात येऊन उभी राहिली, पदराला हात पुसत. ‘बोला नीट,’ एवढंच म्हणाली.

फोन वाजायला लागला, पलंगावर थरथरत जरासा सरकला. राजसी पुढे वाकली आणि त्याच्याकडे बघू लागली – न हसता, न खुणावता, तेराव्या मिनिटाला बघत होती तशी. त्यानं फोन उचलला. पुढे काय येणार ते त्याला तेव्हाही ठाऊक नव्हतं, आताही नव्हतं.