तिसऱ्या ओळीनंतरचा थांबा

मित्रांनो, आमच्या प्रार्थनामंदिरात शिरलात की डाव्या हाताला, भिंतीला पाठ लावून मी बसलेली दिसेन. मी एक जुनी पायपेटी आहे. पायाखालच्या दोन फळ्या आळीपाळीने दाबल्या की माझ्या पोटातला भाता फुगतो, आणि बोटांनी पट्ट्या दाबल्या की मी गाते. मला घडवणारा सुतार शेवटचा हात फिरवताना म्हणाला होता, "ही माझ्या मागेही बोलत राहील." बोलत राहिले खरी. पण एक गोष्ट तीस वर्षे पोटात ठेवली, आणि तिने मला कधी स्वस्थ बसू दिले नाही.

मला आत्या वाजवतात. त्यांचा धंदा शिवणकामाचा. आठवडाभर शिलाई मशीन आणि रविवारी मी, त्यामुळे त्यांच्या पायांना विसावा असा नाहीच. सगळी मंडळी त्यांना आत्या म्हणते, पाळकसाहेबसुद्धा. तीस वर्षांपूर्वी भर उपासनेत माझ्या भात्याला बोटभर चीर पडली. गीताची तिसरी ओळ संपता संपता माझी हवाही संपली. आत्यांनी प्रसंगावधान राखून हात उचलले, डोळे मिटले आणि भराभरा पाय मारून मला पुन्हा भरून घेतले. मग चौथी ओळ सुरू केली. लोकांना वाटले, काय ही भक्ती! पुढच्या रविवारी मंडळी आपणहून तिथे थांबली.

आज सांगू, उद्या सांगू म्हणत आत्या राहून गेल्या. तेवढ्यात पाळकसाहेबांनी त्या थांब्यावर प्रवचनच दिले. झाले! आता खरे बोलणार कोण? दुरुस्तीला द्यावे तर चीर दिसणार, म्हणून आत्यांनी माझी मागची फळी घट्ट आवळून टाकली. असे ते अवघड जागेचे दुखणे होऊन बसले.

मग आत्यांची भाची गिटार घेऊन आली. तिच्याबरोबर ड्रम आला, भिंतीवर गाण्याचे शब्द दाखवणारा पडदा आला आणि नवी गाणी आली. खोटे कशाला बोलू, मला ती आवडली नाहीत. एकच ओळ आठ आठ वेळा! देवाला काय कमी ऐकू येते? पण एका रविवारी त्या आठव्या वेळेला, मागच्या बाकावरचे अबोल पोस्टमन ओठ हलवू लागले. बायको गेल्यापासून ते गायलेच नव्हते. तेव्हापासून मी नावे ठेवणे सोडून दिले.

खरी पंचाईत जुन्या गीतांची झाली. तिसरी ओळ संपली की मंडळी थांबे आणि ड्रम पुढे धावे.

"आत्या, पुस्तकात बघ ना! इथे थांबा नाहीच आहे," भाची म्हणे.

"पुस्तकात नसेल. इथे आहे," आत्या म्हणत, आणि माझे झाकण जरा जोरातच लावत.

शेवटी मंदिराचा कारभार बघणाऱ्या चिटणीसकाकांनी बैठकीत ठरवले. येत्या रविवारी एक जुने गीत दोघींनी मिळून वाजवायचे. जमले तर ठीक, नाहीतर माझी जागा ड्रमला आणि मी अडगळीच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांशेजारी. तो आठवडा मी कसा काढला ते माझे मला ठाऊक. जरा पाऊल वाजले की वाटे, आले मला उचलायला.

शनिवारी दुपारी माझ्या आत माइक बसवायचा म्हणून भाचीने मागची फळी उघडली. चीर बघून ती खो खो हसली. "आत्या, अगं हा थांबा म्हणजे भोक आहे!"

आत्या हसल्या नाहीत. त्या मटकन बाकावर बसल्या. "मला ठाऊक नसेल होय? तीस वर्षं पाय माझेच दुखतायत." मग हळूच म्हणाल्या, "उद्या सांग सगळ्यांना. मला कधी धीर झाला नाही, तू तरी सांग."

भाचीने कुठूनसा मऊ चामड्याचा तुकडा आणि सरस आणला. आत्यांनी तुकडा बेतून टाके घातले, भाचीने कडा सरसाने डकवल्या. तीस वर्षांनी माझे पोट भरले, पण जिवाची घालमेल काही थांबेना. पोरगी उद्या बोलली तर आत्यांनी तोंड कुठे लपवायचे?

रविवारी गीत सुरू झाले. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. भाचीने आत्यांसाठी हात वर केला आणि गिटार, ड्रम सगळे थांबले. आणि आत्या? त्या भाचीसाठी म्हणून, न थांबता, पुढे निघाल्या! अख्खी मंडळी गप्प, आणि मी एकटी भोंग्यासारखी वाजते आहे. चिटणीसकाकांनी कपाळाला हात लावला.

आत्यांनी पट्ट्यांवरून हात काढले. उठून मंडळीकडे वळल्या. भाचीने ओठ घट्ट मिटून घेतले होते.

"भाता फाटला होता म्हणून मी थांबत होते," आत्या म्हणाल्या. "भक्तीबिक्ती काही नव्हती. काल शिवला. आता थांबायची गरज नाही."

मग मागच्या बाकावरून पोस्टमन बोलले, "आत्या, पेटीला गरज नसेल. आम्हाला आहे."

आत्यांनी पदराने डोळे पुसले. भाचीने मान हलवली, आणि आम्ही दुसरे कडवे धरले. तिसरी ओळ संपली तसे सगळे थांबले, ड्रमसुद्धा. इतकी वर्षे त्या थांब्यात माझीच धाप आणि फळ्यांची खडखड असायची. त्या दिवशी मी पहिल्यांदा गप्प होते, आणि मला ऐकू आले. शंभर माणसे एकदम श्वास घेत होती.

मी अजून डाव्या हातालाच आहे. ड्रम हातभर सरकला, एवढेच. तो वाजला की माझे लाकूड हादरते आणि मी कुरकुरते, पण ते चालायचेच.

मित्रांनो, जुन्या वस्तूला चीर पडली तर ती लपवू नका, वेळेवर शिवा. आणि शिवून झाली म्हणून लगेच पुढे धावू नका. तिथे कुणीतरी श्वास घेत असेल.