मारेनची आई

“तू जरा बाजूला हो. तुझ्या पायाखाली माझी पणजी असेल.”

सिडसेलचं दाताळं थांबलं. चर्चच्या आवारातल्या, कबरींमधल्या वाटांची खडी ती तीस वर्षं विंचरत आली होती, पण तिथं तिला कुणी ‘तू’ म्हटलं नव्हतं. नवरा गेल्यापासून तर कुठंच नाही.

हा लॉइड. नेब्रास्कातला मक्याचा शेतकरी. डॅनिश शिकला आजीच्या मांडीवर, आणि मांडीवर ‘तुम्ही’ कोण शिकवतं? परवा त्यानं पाद्रीबुवांनाच विचारलं, “काय रे, बरा आहेस ना?” मोर्स या डॅनिश बेटावरचं हे गाव अजून हसत होतं. पण त्याच्या तोंडचे काही शब्द सिडसेलनं आईनंतर कुणाकडून ऐकले नव्हते. म्हणून ती त्याला रोज कॉफी पाजायची.

“पणजीचा दगड दुपारी येतोय,” तो म्हणाला आणि बोटानं हवेत कोरून दाखवू लागला.

दगडावर:
मारेन
मारेनची आई

“अमेरिकेला गेलेली माझी आजी मारेन. पणजोबांची बायकोही मारेन. आईचंच नाव लेकीला! गोड आहे ना?”

“हे आजीनं सांगितलं?”

“आजी आईबद्दल बोलायचीच नाही. पाद्रीनं लग्नाची नोंद दाखवली. नाव जुळलं, मी तिथंच थांबलो.”

नाव जुळलं, म्हणून तर चुकलं.

सांगावं? दगड कोरून झालेला. माणूस समुद्र ओलांडून आलेला. गप्प राहिलं तर कुणाचं काय बिघडणार होतं? एका बाईचं. तीही कधीच मेलेली.

सिडसेलनं दाताळं भिंतीला टेकवलं.

“लॉइड, बायको मेली आणि नवऱ्यानं दुसरी केली, की दुसरीच्या पहिल्या मुलीला पहिलीचं नाव. आमच्याकडे रीतच होती. जा, त्या नोंदवहीतलं पुढचं पान बघून ये.”

तो आला तेव्हा टोपी हातात होती.

“डोर्थे,” तो म्हणाला. “माझी पणजी डोर्थे. कुठंय ती?”

“इथं जागा मुदतीची असते. मुदत वाढवायला कुणी नसलं, किंवा पैसे नसले, की दगड उचलतात, जागा दुसऱ्याला.”

तो बाकावर बसला. “स्वतःच्या पोटच्या पोरीला सवतीचं नाव! रोज जीव जळला असेल तिचा.”

“जळतो की नाही ते मला विचार. सिडसेल हे माझ्या बापाच्या पहिल्या बायकोचं नाव.”

लॉइडनं मान वर केली.

“संध्याकाळी गाई आणायच्या वेळी आई बांधावर उभी राहून हाक मारायची. सिडसेऽऽल! पार पाण्यापर्यंत जायची. बाबा हातातलं काम टाकून तसेच उभे राहायचे. आई त्यांच्याकडे बघायची, आणि पुन्हा हाक मारायची. आणखी मोठ्यानं. एकदा मी चिडले. म्हटलं, आई, मी काय बहिरी आहे? पहिल्याच हाकेला ऐकू आलं मला. तर म्हणाली, ‘दुसरी तुला नव्हती गं.’”



दुपारी पाथरवट इव्हर दगड घेऊन आला. सगळं ऐकून त्यानं कपाळाला हात लावला. “आता कुठलं नाव खोडू? हा ग्रॅनाइट आहे, पाटी नाही. खळगा पडेल.”

“खोडू नकोस,” लॉइड म्हणाला. “खाली जागा आहे?”

“एका नावापुरती.”

दगडावर, खडूनं:
मारेन
मारेनची आई
डोर्थे

इव्हर दोन पावलं मागं सरला. ओठ हलवत त्यानं वाचलं, पुन्हा वाचलं. “अरेच्चा! आता बरोबर झालं की.”

“पहिलीही दगडावर राहिली,” लॉइड म्हणाला. मग सिडसेलकडे वळला. “आणि तुझी आई?”

सिडसेलनं कुंपणाकडे हनुवटी केली. तिथं आईच्या जागेवर आता दुसऱ्या कुणाची तरी बिगोनिया फुलली होती.

दोघं छिन्नी आणायला गाडीकडे गेले. खडू दगडावरच राहिला होता. सिडसेलनं तो उचलला आणि वळसा घालून दगडाच्या मागच्या, खडबडीत बाजूला बारीक अक्षरात आईचं नाव लिहिलं: योहाने.

मग तिनं दाताळं घेतलं. तिघांच्या पावलांचे ठसे विंचरून टाकले. दगडामागचे तेवढे राहू दिले.