अर्धं डोकं सरळ

बाई पडल्या त्या वायरीमुळे. स्ट्रेटनर जुना, त्याची वायर पीळ पडून पडून आखडलेली. एका सकाळी केस आटोपून त्या आरशासमोरून वळल्या, पाय वायरीत अडकला आणि सगळा भार डाव्या हातावर घेत त्या खाली आल्या. मनगटाचं हाड मोडलं. स्ट्रेटनरही फरशीवर आपटून मधोमध फुटला. डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे सांगितले.

"उजवा हात वाचला हे नशीब," फोरमन म्हणाले. "सह्या तरी करता येतील."

"सह्यांचं सोडा हो. केसांचं काय?" बाई म्हणाल्या.

बाई विवाह नोंदणी कार्यालयात अधिकारी होत्या. सही करून लग्न करणारी शहरातली सगळी जोडपी त्यांच्या टेबलासमोर उभी राहत, शपथ घेत, आणि मग प्रत्येकाला फोटोत बाई हव्याच असत. वीस वर्षांत त्या किती घरांच्या भिंतींवर जाऊन बसल्या होत्या याचा पत्ता नव्हता. आणि सगळीकडे त्यांचे केस खांद्यापर्यंत सरळ, पट्टीने रेघ मारल्यासारखे. मुळात ते कुरळे होते, तेही असे की कंगवा आत गेला तर परत यायचा नाही. फोनवर लेक म्हणाली, "आई, राहू दे ना कुरळे. छान दिसतात." त्यावर बाईंचं उत्तर तयार होतं. "छान दिसतात हे मलाही माहीत आहे. मला सरळ आवडतात. विषय संपला."

पण केसांना दोन हात लागतात. एक बट धरायला, एक मशीन फिरवायला.

फोरमन म्हणजे बाईंचा नवरा. बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात तीस वर्षं वेल्डिंग केलं, त्यातली शेवटची दहा फोरमन म्हणून. निवृत्त होऊन दोन महिने झाले होते, तरी सगळे फोरमनच म्हणत. त्यांची पाळी सकाळी सहाची असे, त्यामुळे आरशासमोरचा हा कारभार त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. निवृत्तीनंतर त्या वेळेला ते फिरायला जात. पण बायकोचा पडलेला चेहरा बघून ते म्हणून गेले, "त्यात काय एवढं? मी करतो. आयुष्यभर उष्णतेशीच खेळलोय."

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मुकाट्याने चप्पल घालून दुकानात गेले.

विजेच्या वस्तूंच्या दुकानात केसांच्या मशीनचं एक अख्खं कपाट होतं. समोर जांभळं नेलपॉलिश लावलेली एक मुलगी उभी होती.

"स्ट्रेटनर दाखवा," फोरमन म्हणाले.

"केस कसे आहेत, काका? पातळ की दाट?"

फोरमननी आपल्या टकलावरून हात फिरवला. "माझे नाहीत. बायकोचे."

"हो, तेच विचारतेय."

आता आली पंचाईत. एकतीस वर्षं संसार झाला, पण बायकोचा केस पातळ की जाड हे काही सांगता येईना. फणीत अडकलेले, उशीवर पडलेले, एकदा तर डब्यातल्या भातात सापडलेले केस त्यांनी आठवून पाहिले. "संख्येने भरपूर," ते शेवटी म्हणाले, "पण एकेक धरला तर बारीक. आणि कुरळे."

"रंग लावतात?"

फोरमननी मागेपुढे पाहिलं. "तुम्ही ऐकलं नाही आणि मी बोललो नाही. लावते."

मुलगी हसली आणि तिने एक मशीन मागे सारलं. "मग हे नको. याला एकच तापमान आहे, सरसकट दोनशे तीस."

"दोनशे तीस? अहो, मला पाइप जोडायचा नाहीये!"

"म्हणूनच. रंगवलेल्या, बारीक केसांना दीडशे-एकशे साठ पुष्कळ झालं. तापमान कमी-जास्त करता येईल असंच घ्या. पट्ट्या सिरॅमिकच्या, सगळीकडे सारख्या तापतात. रुंदी बोटभर. त्याहून रुंद घेतलं तर कानाजवळचे केस धरता येत नाहीत."

"विसरून चालू राहिलं तर?"

"अर्ध्या तासात आपोआप बंद होतं."

"आणि वायर?"

मुलीने वायरीचं मूळ फिरवून दाखवलं. ती गोल गोल फिरत होती, पीळ पडायचं कामच नव्हतं. फोरमननी ती चार वेळा फिरवून पाहिली. मग खिशातून बसचं तिकीट काढलं, त्याची पातळ पट्टी फाडली, मशीनच्या दोन पट्ट्यांमध्ये धरली आणि हलकेच ओढली. पट्टी सुळकन बाहेर आली.

"हे बघा. टोकाशी फट आहे. इथे केस दबणारच नाही, मग बायको म्हणेल नवऱ्याला जमत नाही. दुसरं द्या."

दुसऱ्यात कागद मधोमध घट्ट बसला आणि टोकाला निसटला. तिसऱ्यात मात्र कुठूनही ओढला तरी फाटला, पण निघाला नाही. मुलीने ती फाटकी पट्टी हातात घेऊन निरखून पाहिली. "काका, चार वर्षं विकतेय मी ही मशीनं. हे कुणी केलं नव्हतं."

मग तिने त्यांना शिकवलं आणि फोरमननी खिशातल्या वहीत लिहून घेतलं. केस पूर्ण कोरडे हवेत. आधी गुंता काढायचा, उष्णतेपासून जपणारा फवारा मारायचा. दोन बोटांएवढी बट घ्यायची, मानेकडून सुरुवात करून वर यायचं. आणि मुख्य म्हणजे कुठेही थांबायचं नाही.

"कळलं," फोरमन म्हणाले. "थांबलं की भोक पडतं."

"भोक नाही पडत, काका. केस जळतात."

"एकच."

घरी आल्यावर थेट बायकोच्या डोक्यावर प्रयोग करायचा धीर होईना. नात सुट्टीत आली होती तेव्हा तिची एक बाहुली मागे राहिली होती, लांब सोनेरी केसांची. फोरमननी ती स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बसवली, तापमान दीडशेवर ठेवलं आणि वहीत लिहिल्याप्रमाणे मानेकडची बट धरली. मशीन पुढे सरकलं ते केसांसकटच. उघडून पाहतात तर बटेच्या जागी एक पिवळट चिकट गोळा, आणि घरभर प्लास्टिकचा वास.

"अहो," आतून बाईंचा आवाज आला, "काय जळतंय?"

"काही नाही, बाहुली."

बाई बाहेर आल्या. त्यांनी बाहुली पाहिली, नवऱ्याला पाहिलं आणि खुर्चीत बसून इतक्या हसल्या की प्लास्टरमधला हात दुखायला लागला. "अहो, ते केस नायलॉनचे! सगळ्या केसांना एकच न्याय लावता होय?"

पट्ट्या निवेपर्यंत थांबून फोरमननी चिकटा मऊ फडक्याने पुसला. मग नातीला फोन लावून गुन्हा कबूल केला. नातीने क्षणभर विचार केला आणि विचारलं, "आजोबा, उरलेले पण जाळाल? मला ती टकली हवी."

शनिवारी बाई प्लास्टरनंतर पहिल्यांदाच कामावर जाणार होत्या. सात लग्नं होती, पहिलं दहाला. फोरमननी बायकोला साडेसातला खुर्चीत बसवलं, खांद्यावर टॉवेल टाकला आणि चिमटे लावून केसांचे भाग पाडले. मग चष्मा पुसून मानेकडची पहिली बट घेतली. मशीन एका लयीत वरून खाली आलं. बट सरळ, मऊ, चकचकीत. फोरमननी ती उजेडात धरली, वरून पाहिली, खालून पाहिली.

"झाली का?" बाईंनी विचारलं.

"तपासतोय."

"अहो, तो बॉयलर नाहीये. फुटणार नाही."

पण माणसाची सवय. तीस वर्षं प्रत्येक जोड असाच तपासला होता, त्याशिवाय पुढे जायला हात धजेना. एक बट, तपासणी. दुसरी बट, तपासणी. बाईंनी वर्तमानपत्र वाचून संपवलं, कोडं सोडवलं, चहा मागितला. नऊ वाजता त्यांनी आरशात पाहिलं. डावी बाजू अशी सरळ झाली होती की त्यांच्या स्वतःच्या हातूनही कधी झाली नव्हती. आणि उजवी बाजू जशी झोपेतून उठली होती तशीच, झुडपासारखी.

"दीड तासात अर्धं डोकं!" बाई ओरडल्या. "सव्वानऊची बस आहे माझी!"

"काम मात्र बघ कसं झालंय."

"काम सुरेख आहे. पण मी अर्धीच जाऊ का?" त्या उठल्या. "घ्या ते मशीन. तुम्हीही चला."

कार्यालयात कारकून बाईने दोघांना पाहून तोंडावर फाइल धरली. बाईंनी खुर्ची घेतली आणि पहिल्या लग्नाच्या फोटोवाल्याला सांगितलं, "कॅमेरा डावीकडे लावा. इथून उजेड चांगला येतो." फोरमनना त्यांनी मागच्या दप्तरखोलीत बसवलं. तिथे छतापर्यंत नोंदवह्या, एक झेरॉक्सचं मशीन आणि त्याच्याजवळ प्लग. दोन लग्नांच्या मध्ये दहा-दहा मिनिटं मिळतील, तेवढ्यात उरलेलं डोकं उरकायचं असं ठरलं.

पहिल्या मोकळ्या वेळात दोन बटा झाल्या. फोरमन तिसरी घेणार, तोच दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. चांगले कपडे, हातात फुलं, आणि डोक्यावर ओल्या केसांचं घरटं. मागे तिचा होणारा नवरा दोन हेल्मेटं सांभाळत उभा.

"सॉरी," मुलगी म्हणाली, "बाहेरच्या मॅडम म्हणाल्या इथे केसांचं मशीन आहे." "सकाळी केस धुतले, वाळायच्या आत निघालो, वर हेल्मेट. आत्ता काचेत पाहिलं. फोटोत मी अशीच येणार का हो?"

फोरमननी बायकोकडे पाहिलं. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि खुर्चीतून उठल्या. "बस इथे. तुमचा नंबर दुसरा ना? तिसऱ्या जोडीला आधी घेते."

मुलगी बसली. फोरमननी बटेचं टोक बोटांत धरलं आणि मान हलवली. "ओले आहेत. ओल्याला लावायचं नाही. आतल्या आत वाफ होते, केस फुटतो."

"मग?"

होणारा नवरा दारातून पुढे आला. तो म्हणाला, "खाली बाथरूममध्ये हात वाळवायचं यंत्र आहे."

दोघं धावत गेली. दहा मिनिटांनी परत आली तेव्हा मुलीचे केस कोरडे ठणठणीत आणि दुप्पट फुगलेले होते. नवऱ्यामुलाच्या शर्टाचं पुढचं अंगही तिच्या केसांनी भिजून, मग वाळून कडक झालं होतं, कारण तिला वाकून उभं राहावं लागलं आणि तोल जाऊ नये म्हणून तो मध्ये उभा होता.

"पातळ की दाट?" फोरमननी वही उघडत विचारलं.

"दाट. जाडसुद्धा."

"रंग लावलाय?"

"नाही."

"मग एकशे ऐंशी." त्यांनी फवारा मारला, गुंता सोडवला, चिमटे लावले. पहिली बट सरळ करून ती उजेडात धरणार, इतक्यात बाहेरून बाईंचा आवाज आला. तिसऱ्या जोडीची शपथ सुरू झाली होती. फोरमननी बट सोडून दिली. तपासायला वेळच नव्हता. दुसरी घेतली, तिसरी घेतली. हात आपला आपण चालायला लागला आणि त्यांच्या लक्षात आलं की न तपासलेल्या बटाही सरळच आहेत.

"काका, तुम्ही कुठल्या पार्लरमध्ये असता?" मुलीने विचारलं.

"बॉयलर विभागात."

नवऱ्यामुलाच्या हातातलं हेल्मेट खाली पडलं.

पंचवीस मिनिटांत सगळं डोकं झालं. मुलीने झेरॉक्सच्या काचेत आपलं रूप पाहिलं, मग उठली आणि फोरमनना मिठीच मारली. ते म्हणाले, "अगं, मशीन गरम आहे, मशीन!"

त्या लग्नाच्या वेळी ते दारात उभे राहून बघत होते. इतकी वर्षं बायकोचं काम त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. बाई शपथ वाचून दाखवत तेव्हा त्यांचा आवाज घरातल्यापेक्षा हळू आणि जरा खोल होई. मुलगी अडखळली, तर त्या थांबल्या, सावकाश म्हण म्हणाल्या. सह्या झाल्यावर फोटोवाला विचारू लागला, कॅमेरा डावीकडेच ना? नवी नवरी म्हणाली, "नको, समोरून घ्या. मॅडमनी माझ्यासाठी आपले केस अर्धे ठेवले." बाई नको नको म्हणेपर्यंत फोटो निघाला. त्यात त्या एका बाजूने सरळ, एका बाजूने कुरळ्या आणि तोंड उघडून हसताहेत.

जेवणाच्या सुट्टीत उरलेली बाजू पंधरा मिनिटांत झाली. संध्याकाळी बसमध्ये बाई म्हणाल्या, "मुलीचे तपासत नव्हतात. माझेच का तपासत होता?"

"तिच्या मानेवर चटका बसला असता तर ती रडली असती," फोरमन म्हणाले. "तुला बसला असता तर तू बोलली असतीस. वर्षभर."

पुढे रोजची वीस मिनिटं ठरून गेली. फोरमन फिरायला उशिरा जाऊ लागले. केस होईपर्यंत बाई त्यांना काल कोणाची लग्नं झाली ते सांगत. एक जोडी साक्षीदार विसरून आली, एक नवरा आपलीच जन्मतारीख चुकला, एक सत्तरीचे आजी-आजोबा हात धरून आले आणि शपथेआधीच भांडले. फोरमन हसत, आणि बट हातातून सुटली की "आता हलू नकोस" म्हणत.

सहाव्या आठवड्यात प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले, हात बरा आहे, हळूहळू सगळं करा. बाईंनी घरी येऊन सांगितलं ते एवढंच, की अजून जपायला सांगितलंय. तीन दिवसांनी फोरमननी त्यांना स्वयंपाकघरात पाहिलं. डाव्या हातात बरणी गच्च धरून त्या झाकण उघडत होत्या, आणि ते निघालंही. फोरमन पावलांचा आवाज न करता मागे फिरले, आरशासमोर गेले आणि मशीन प्लगला लावलं.

"ये गं," त्यांनी हाक मारली. "तापतंय. आणि त्या दोन बहिणींचं काय झालं ते काल अर्धंच राहिलं. एकाच दिवशी लग्न करायला आल्या, मग?"

"मग काय," बाई खुर्चीत बसत म्हणाल्या, "धाकटीचा नवरा चुकून थोरलीच्या रांगेत उभा. मी विचारलं, हे कुणाचे? तर दोघीही म्हणाल्या..."