शून्यावरची सुई

नूतनची आणि त्या सुईची जुनी खुन्नस होती. शिकाऊ विमानात डोळ्यांसमोर ज्या गोल तबकड्या असतात, त्यांतली ही एक, व्हीएसआय. विमान चढायला लागलं की सुई वर, उतरायला लागलं की खाली, सरळ चाललं असलं की शून्यावर. एवढं साधं काम, पण तेही बाईसाहेब वेळेवर करतील तर शपथ! विमान चढून जातं आणि मग कुठे सुईला जाग येते. नवशिकी पोरं तिच्यामागे धावतात. सुई वर गेली, दाब नाक खाली. सुई खाली गेली, ओढ वर. विमान बापडं आकाशात उठाबशा काढत राहतं.

"गावात एक बाई असतेच," नूतन विमान शिकवायच्या शाळेत, वर्गात सांगायची, "जिला बातमी सगळ्यांत शेवटी कळते आणि जी सांगते मात्र सगळ्यांत ठासून. व्हीएसआय म्हणजे ती बाई. ऐकून घ्या, पण तिच्या नादी लागू नका."

पोरं हसायची. तासाला हसायची, संध्याकाळी आपापल्या गाड्यांवर बसून निघून जायची. नूतन मग जळगावातल्या भाड्याच्या घरी यायची, कुलूप उघडायची, कूलर लावायची. त्या घरात दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बोलायला कुणी नसे. कूलर तेवढा बोलायचा.

नेहमीच असं नव्हतं. नवरा होता, प्रेमराज. नाशिकच्या डॉक्टरकडे दोघांनी वर्षानुवर्षं खेटे घातले, इंजेक्शनं झाली, नवस झाले, देवळं झाली. मूल झालं नाही. मग प्रेमराज हळूहळू कमी बोलायला लागला, मग कमी घरी यायला लागला, आणि एक दिवस पुण्याला गेला तो गेलाच. भांडण म्हणावं असं झालंच नाही. तेच तिला जास्त लागलं. भांडला असता तर निदान काही ऐकायला तरी मिळालं असतं. चोपड्याला आई होती, भिकुबाई, तीही दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून नूतनच्या आयुष्याची सुई जी शून्यावर बसली ती हललीच नाही.

आणि मग फैजपूरची मयुरी आली.

मयुरी केळीवाल्या घरातली, धीट, तोंडाळ, आणि सुईच्या मागे धावण्यात सगळ्या शाळेत पहिली! नूतनने तिच्यापुढे हात टेकले. शेवटी एक दिवस कागद चिकटवून व्हीएसआय झाकूनच टाकला. "आता बाहेर बघ. काचेच्या खालच्या कडेपासून क्षितिज किती वर आहे?" "चार बोटं, मॅम." "मग ती चार बोटं सोडायची नाहीत. बाकी जग बुडालं तरी." पोरगी हळूहळू सुधारली. दुपारी ती आपला डबा नूतनसमोर उघडायची. "मॅम, आईने तुमच्यासाठी जास्तीची दिलीय," म्हणून भरीत-पोळी पुढे सरकवायची. आपल्यासाठी कुणी जास्तीचं करतं, ही गोष्ट नूतन पार विसरली होती.

म्हणूनच की काय, मयुरीचं पहिलं एकटीचं उड्डाण लांबत चाललं होतं. वारा बरोबर नाही, उद्या बघू. अजून एक फेरी सोबत मारू. एकटीने उडाली की पुढचं शिकायला तिची रवानगी धुळ्याच्या धावपट्टीवर, दुसऱ्या शिक्षकाकडे. शाळेची तशी पद्धतच होती. नूतनला हे ठाऊक होतं आणि आपण काय करतोय हेही ठाऊक होतं. शेवटी तिचीच तिला लाज वाटली. "उद्या तू एकटी," तिने मयुरीला सांगितलं. पोरीने आनंदाने असा काही चीत्कार केला की हँगरमधली कबुतरं उडाली.

आता ह्यात ती कुंभारीण कुठून आली, ते सांगायला हवं.

विमानं ठेवायच्या हँगरला मागच्या अंगाला एक खिडकी होती. कूलरचं पाणी तिथे खाली गळायचं, चिखल व्हायचा. त्या चिखलाच्या गोळ्या तोंडात धरून एक कुंभारीण माशी खिडकीच्या चौकटीवर घर बांधायला लागली होती. पिवळ्या पायांची, बारीक कमरेची, दिवसभर नुसती ये-जा. हँगरची झाडलोट बघणारे कौतिकभाऊ खराटा घेऊन पुढे झाले, तर नूतन केवढ्याने ओरडली! "हात लावायचा नाही! कुणीच नाही!"

कौतिकभाऊ बघतच राहिले. मयुरीही तिथेच होती, तीही चपापली.

लहानपणी चोपड्याच्या घरात आढ्याला कुंभारीण आली की भिकुबाई कुणाला तिच्या वाटेला जाऊ द्यायची नाही. "तिनं घर मोडानं नही, माय," म्हणायची. "कुंभारीण घरमा उनी का पाळणा हालस." लग्नानंतर पाळण्याच्या आशेने नूतनने कितीदा आपल्या घराचे कोनेकोपरे बघितले होते. कुंभारीण कधी आली नाही. आता आली ती इथे, हँगरवर, ह्या वयात, नवरा नसताना. नूतन काय वेडी होती? मुळीच नव्हती. हवेचा दाब आणि पंखांचं गणित शिकवणारी बाई ती. पण रोज सकाळी आल्याबरोबर आधी खिडकीकडे बघायची, घर किती वाढलं ते. कुणाला सांगायची सोय नव्हती, पण बघून बरं वाटायचं. त्याला काय करणार?

तर दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींनी मिळून दोन फेऱ्या मारल्या. सगळं झक्कास. मग प्रवासी विमान यायचं होतं म्हणून टॉवरने थांबायला सांगितलं. शिकाऊ विमान हँगरच्या मागे, खिडकीजवळच्या सावलीत उभं राहिलं, आणि थांबणं चांगलंच लांबलं. मयुरीची आई ज्योतीताई फैजपूरहून आली होती, ती कुंपणापलीकडे पदराने वारा घेत उभी. परवानगी आली तशी मयुरीने विमानाभोवती फिरून पुन्हा एकदा तपासणी केली. विमानाच्या डाव्या अंगाला ती क्षणभर वाकली, वळून नूतनकडे बघितलं, आणि पुढे गेली. नूतनला वाटलं, घाबरलीय पोरगी. तिने हसून मान हलवली, जा म्हणून.

मयुरी आत बसली, तर टॉवरने पुन्हा बराच वेळ थांबवून ठेवलं. मग विमान धावलं, उचललं गेलं. शेजारच्या रिकाम्या खुर्चीसकट मयुरी एकटी वर निघाली. नूतन खाली हातात रेडिओ घेऊन उभी. छातीत काहीतरी भरून आलं होतं, ते अभिमानाचं होतं की पोरगी चालली म्हणून, तिचं तिलाच कळेना.

रेडिओ खरखरला.

"मॅम, व्हीएसआय शून्यावर आहे." मग लगेच, "मी चढतेय मॅम, पण सुई शून्यावरच आहे. उंचीचा काटाही हलत नाही."

नूतनने रेडिओ तोंडाशी धरला.

"आणि मॅम, वेग कमी होतोय. मी काहीच केलं नाही तरी कमी होतोय!"

विमानाच्या डाव्या कुशीत एक बारीक भोक असतं. बाहेरच्या हवेचा दाब त्यातून आत जातो आणि एकाच नळीने तिन्ही घड्याळांना पोचतो, उंचीच्या, वेगाच्या आणि व्हीएसआयला. ते भोक बुजलं की तिन्ही एकदम खोटं बोलायला लागतात. उंची जागची हलत नाही, व्हीएसआय शून्यावर मरून पडतो, आणि विमान वर चढत जाईल तसा वेगाचा काटा घसरत शून्याला जातो. एकट्या पोरीला वाटतं, आपण पडतोय. मग ती नाक खाली दाबते, आणखी दाबते, आणि चांगलं धडधाकट विमान जमिनीत घालते. नूतनच्या डोळ्यांपुढे खिडकीवरची ती पिवळ्या पायांची माशी उभी राहिली. कुणी सांगायला नको होतं.

"मयुरी, ऐक. घड्याळं खोटी आहेत. विमानाला काहीही झालेलं नाही. बाहेर बघ. चार बोटं आहेत का?"

"मॅम, वेग शून्य झाला! मी पडतेय, मॅम!" लांबवर विमानाचं नाक खाली गेलेलं नूतनला इथून दिसलं.

रेडिओवर इंग्रजीतच बोलायचं असतं. दोघीही ते केव्हाच विसरल्या होत्या, आणि टॉवरमधल्या माणसाने चकार शब्द काढला नाही.

"पडत नाहीयेस! नाक वर घे, चार बोटं! घेतलंस? हां. आता तुझी स्टीलची पाण्याची बाटली कुठे आहे?"

"शेजारच्या सीटवर."

"ती घे आणि व्हीएसआयची काच फोड."

"काय?"

"फोड, बाळा. जोरात मार. तिन्ही एकाच नळीवर आहेत, एक फोडलं की हवा तिघांना मिळेल. फोड!"

बाळा हा शब्द तिच्या तोंडून कसा गेला, तिला कळलंच नाही. नवीन विमानांना भोक बुजलं तर दुसरी सोय असते, ह्या जुन्याला नव्हती. मग फोडायचं कोणतं, तर ज्याच्यावाचून अडत नाही ते. ती स्वतः शिकत असताना तिला हे असंच शिकवलं होतं, आणि इतकी वर्षं तीही तसंच शिकवत आली होती. ज्याच्यावाचून कुणाचं अडत नाही, ते. आज ते वाक्य तिला सुरीसारखं लागलं.

रेडिओवर खळ्ळकन आवाज आला. मग काहीच नाही. कुंपणापलीकडे ज्योतीताई आकाशाकडे बघून हात हलवत होती, तिला बिचारीला काय माहीत?

"वेग आला, मॅम." आवाज रडका होता, पण होता. "वेग आला! उंची पण आली!"

"शाब्बास. आता एक लक्षात ठेव. ती फुटलेली सुई आता उलटं सांगेल. तू उतरशील तेव्हा ती वर जाईल. घाबरायचं नाही आणि तिच्याकडे बघायचंच नाही. बाहेर बघायचं. मी खाली उभी आहे. मी इथेच आहे."

मयुरी वळली, पुन्हा वळली, धावपट्टीसमोर आली. जरा उंच आली, मग सावरली. चाकं टेकली, एकदा उडाली, पुन्हा टेकली. विमान थांबेपर्यंत नूतनने श्वास घेतला की नाही, देव जाणे.

पहिल्या एकट्या उड्डाणाहून आलेल्यावर बादलीभर पाणी ओतायची त्या शाळेत रीत होती. कौतिकभाऊंनी दोन बादल्या भरून ठेवल्या होत्या. नूतन विमानाकडे धावली, हात पसरूनच धावली म्हणा ना. मयुरी दार उघडून उतरली, तिच्याकडे बघून हसली, आणि तिच्या बाजूने पळत थेट कुंपणाशी गेली. "आई! मी केलं, आई!" कुंपणाच्या जाळीतून मायलेकींनी एकमेकींची बोटं धरली. पोरांनी एक बादली मयुरीवर उपडी केली, ज्योतीताईही भिजली, आणि दोघी रडत-हसत ओरडत राहिल्या.

नूतनचे हात तसेच राहिले. मग तिने ते खाली घेतले आणि विमानाच्या डाव्या अंगाला जाऊन वाकली. भोक बुजलं होतं. माती अजून पुरती वाळली नव्हती.

मयुरी ओलीचिंब होऊन मागे येऊन उभी राहिली.

"मॅम, मी बघितलं होतं," ती म्हणाली. "भोकाच्या कडेला थोडीशी माती होती. भोक मोकळं होतं. मी पुसणार होते, पण ती माशी तिथेच घोंघावत होती. परवा तुम्ही कौतिकभाऊंवर केवढ्या ओरडलात. मला वाटलं, तिचं घर मोडलेलं तुम्हाला आवडणार नाही. आणि कडेच्या मातीने काय होणार, असं वाटलं. मग मी आत बसल्यावर, टॉवरने पुन्हा थांबवलं तेवढ्यात..." आणि ती पुन्हा रडायला लागली.

पोरीने नूतनचं मन राखलं होतं, आणि तेवढ्यापायी जीव जायची वेळ आली होती.

"चूक तुझी नाही," ती म्हणाली. "माझी आहे. रिपोर्टमध्ये मी तसंच सांगेन. पण पुन्हा कधीही, कुणाच्याही मनासाठी, भोकावरची माती ठेवायची नाही. माझ्यासुद्धा नाही. कळलं?"

"कळलं." मग डोळे पुसत, "मी धुळ्याहून रोज फोन करीन, मॅम."

"कर हं," नूतन म्हणाली. आधीच्या सगळ्या पोरांनीही असंच सांगितलं होतं, आणि कुणी खोटं सांगितलं नव्हतं. तेव्हा त्यांना खरंच वाटलेलं असायचं.

ज्योतीताईने हाक मारली तशी मयुरी गेली. आवार ओस पडलं. कौतिकभाऊ खराटा घेऊन खिडकीपाशी आले आणि खाली बघत म्हणाले, "ताई, मी काढू का? तुम्ही आत जा."

"नको, भाऊ. मीच काढते."

तिने उरलेली बादली उचलली आणि चौकटीवरच्या घरावर ओतली. मातीचंच ते, हां हां म्हणता विरघळलं, चिखल होऊन भिंतीवरून ओघळलं. त्यातून एक इवलीशी पांढरी अळी खाली पडली. नूतनने ती बघितली, आणि मग भिंतीला डोकं टेकून ती रडली. प्रेमराज गेला तेव्हा रडली नव्हती, नाशिकच्या डॉक्टरांनी हात वर केले तेव्हा रडली नव्हती, ते सगळं आत्ता रडून घेतलं. कौतिकभाऊ खराटा तिथेच ठेवून मुकाट निघून गेले.

जरा वेळाने ओळखीची गुणगुण ऐकू आली. कुंभारीण परत आली होती. तोंडात ताजी, ओली मातीची गोळी. चौकटीपाशी आली, थबकली, मागे गेली, पुन्हा आली. ज्या जागी घर होतं तिथेच फिरत राहिली. वर बघून आली, खाली बघून आली. गोळी काही सोडेना.

"जाय माय," नूतन तिला म्हणाली. कित्येक दिवसांनी तिच्या तोंडी आईची बोली आली होती. "आते आठे काहीच नही शे."

कुंभारीण गेली नाही. नूतनने खिडकी लावून घेतली, आणि रिपोर्ट द्यायला ऑफिसकडे निघाली.